कार्डावरच्या मुंग्या

ऑगस्ट 2018. काकाजींच्या चार एकर पऱ्हाटीत मी आदल्या संध्याकाळी मित्रकीटकाची ट्रायकोकार्डं लावली होती. एकरी तीन. प्रत्येक कार्डाच्या पट्ट्या कापून, पानाच्या पाठीला स्टेपल करून, सावलीत येतील अशा बेताने. सकाळी सातला जाऊन पाहतो तर पट्टीवर लाल मुंग्यांची रांग. एकेक अंडं तोंडात धरून त्या खोडावरून खाली उतरत होत्या. निम्म्याहून जास्त पट्ट्या कोऱ्या झाल्या होत्या. काकाजी माझ्या मागे उभे होते. थोडा वेळ त्यांनी रांगेकडे पाहिलं आणि म्हणाले, "मुंग्याईले बी पोट हायच ना बाप्पा."

मी हसलो. त्यानंतर वर्षभर मात्र मी भेटेल त्याला सांगत राहिलो की कार्डं उशिरा पोचली, कुरिअरमध्ये तापली, पाऊस आडवा आला, शेजाऱ्याने नेमकी त्याच आठवड्यात फवारणी केली. ही कारणं थोडीथोडी खरी होती आणि थोडं खरं असलेलं कारण सांगताना जीभ अडखळत नाही. पूर्ण खरं सांगायचं तर चूक माझ्या डोक्यात होती, आणि ती मी ट्रायकोकार्डांच्याही दोन वर्षं आधी विमानात बसताना सोबत नेली होती.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, केळापूर तालुक्यात. काळी, कोरडवाहू जमीन. कापूस, तूर, थोडं सोयाबीन. मी अकोल्याला कृषीची पदवी घेतली. कीटकशास्त्रात मन रमलं. शिष्यवृत्ती मिळाली आणि 2016 च्या ऑगस्टमध्ये नेदरलँड्सला वाखेनिंगेनच्या कृषी विद्यापीठात दाखल झालो. गावात सगळे त्याला 'हालंड' म्हणत. प्रवेशाच्या अर्जासोबत एक मनोगत जोडावं लागतं: तुम्हाला हे का शिकायचंय, परत जाऊन काय करणार. ते दीड पान माझ्याकडे अजून आहे. त्यात 'अज्ञान' हा शब्द चार वेळा आला आहे. आमचा शेतकरी अज्ञानापोटी विष फवारतो, मी ज्ञान घेऊन येईन आणि ते त्याला देईन, असा एकूण मजकूर. भाषा बरी होती. निवडही झाली.

वाखेनिंगेन म्हणजे ऱ्हाइनच्या एका फाट्याकाठचं लहानसं गाव. रेल्वे स्टेशनसुद्धा गावात नाही. एडे-वाखेनिंगेनला उतरून बस पकडायची. तिथे मी दोन वर्षांत जे शिकलो त्याबद्दल मनात आजही कृतज्ञताच आहे. पण काय शिकायचं राहिलं, ते सांगण्यासाठी एका दिवसाची गोष्ट सांगतो.

आम्हाला वेस्टलँडमधली काचघरं दाखवायला नेलं होतं. समुद्राजवळचा तो सगळा पट्टा काचेखाली आहे. ढोबळी मिरचीची उंच झाडं ओळीने वर चढवलेली आणि ठरावीक अंतरावर प्रत्येक ओळीत एक कागदी पुडी लटकवलेली. चहाच्या पुडीएवढी, तिला एक बारीक भोक. आत परभक्षी कोळी. भोकातून ते हळूहळू बाहेर पडतात आणि फुलकिड्यांची पिल्लं, पांढऱ्या माशीची अंडी खातात. फवारणी नाही, वास नाही, तोंडाला फडकं नाही. मी अक्षरशः भारावलो. त्या पुड्यांचे मी तीसेक फोटो काढले असतील.

त्याच काचघरात एक बाई गळ्यात भिंग अडकवून ओळींतून फिरत होती. पिवळ्या चिकट पट्टीवर किती माश्या, पानामागे किती कोळी, फुलात किती फुलकिडे, हे ती मोजून वहीत लिहीत होती. दर आठवड्याला, त्याच ओळी, तीच झाडं. पुड्या कधी लावायच्या, किती लावायच्या, कुठे थांबायचं, हे सगळं त्या वहीवरून ठरत होतं. त्या वहीचा एकही फोटो माझ्याकडे नाही.

दुसरंही एक निसटलं. हा बदल तिकडे कसा घडला, हे आम्हाला वर्गात नीट शिकवलं होतं. काकडीवरच्या लाल कोळ्याला औषधं लागू पडेनाशी झाली तेव्हा तिकडच्या शेतकऱ्यांनी परभक्षी कोळी जवळ केला. तो कोळीही 1950 च्या दशकाच्या अखेरीस चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडांवरून चुकून पोचलेला. यान कोपर्ट नावाच्या काकडी पिकवणाऱ्याने 1967 मध्ये तो विकायलाच सुरुवात केली. पुढे 1980 च्या दशकाच्या शेवटी टोमॅटोच्या परागीभवनासाठी काचघरात भुंगेमाश्या सोडू लागले. त्याआधी माणसं हातात थरथरणारी कांडी घेऊन फुलाफुलाला हलवत. भुंगेमाशीने ती मजुरी वाचवली. पण मग जहाल औषध मारलं की माशी मरणार. म्हणून औषध सुटलं. स्पेनमध्ये अल्मेरियाच्या मिरचीत 2006 च्या अखेरीस बंदी असलेल्या औषधाचा अंश सापडला, जर्मनीतल्या दुकानांनी माल नाकारला आणि मोजक्या हंगामांत तिथली मिरची मित्रकीटकांवर आली.

म्हणजे कुणालाही उपरती झालेली नव्हती. औषध चालेना, माशी मरू नये अशी गरज पडली, गिऱ्हाईक माल घेईना. हे सगळं मी परीक्षेत लिहिलं, चांगले गुणही मिळाले. पण माझ्या काकाजींना अशी कोणती गरज आहे, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. नाशिकच्या द्राक्षवाल्यांना तो 2010 मध्ये पडला, जेव्हा त्यांचा माल औषधाच्या अंशावरून युरोपात अडकला. आता तिथल्या गावागावांत 'रेसिड्यू' हा शब्द मराठीच झालाय. कापसाला कोण विचारणार? जिनिंगवाला धाग्याची लांबी बघतो, ओलावा बघतो. बोंडावर काय काय मारलंय, ते त्याच्या काट्यावर येत नाही.

माझ्या दुसऱ्या वर्षी, 2017 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, घरून बातम्या येऊ लागल्या. फवारणी करताना विषबाधा. यवतमाळच्या दवाखान्यात खाटा पुरेनात. त्या हंगामात एकट्या आमच्या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्यात शेतकरी होते, आणि पंपामागे मजुरी घेऊन दुसऱ्याच्या वावरात फवारणारे मजूर होते. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली. पंपाचा फवारा वर धरायचा म्हणजे तो अंगावरच यायचा.

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात एका मैत्रिणीने विचारलं, "ते लोक मास्क का लावत नाहीत?" मी म्हणालो, "जागृती कमी आहे." हे वाक्य मला आजही टोचतं. कारण मला माहीत होतं. मी स्वतः सुट्टीत फवारलंय. ऑक्टोबरच्या उन्हात, घामाने चिंब, अंगात रबरी कोट आणि नाकावर जाड मास्क घालून पाठीवर पंधरा-सोळा लिटरचा पंप वाहून बघा. मजुरी पंपाच्या मोजणीवर. थांबला तो बुडाला. 'जागृती कमी' म्हटलं की हे काहीच सांगावं लागत नाही. ऐकणारा समाधानाने मान हलवतो आणि सांगणारा शहाणा ठरतो.

त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यातला कापूस पोखरून काढला. बीटी कापूस 2002 ला आला, दोन जनुकांचा 2006 ला. त्याला ही अळी एव्हाना सरावली होती. तेव्हा मी ठरवलं की परत जायचं आणि आपल्या शिवारातून विष घालवायचं. 2018 च्या उन्हाळ्यात आलो. पहिलं वावर काकाजींचं, कारण ते मला नाही म्हणणार नव्हते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. ट्रायकोग्रामा ही अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान गांधीलमाशी. ती किडीच्या अंड्यात आपलं अंडं घालते. कार्डावर तांदळातल्या पतंगाची अंडी चिकटवलेली असतात, त्यांच्यातच ती वाढते आणि जेमतेम आठवडाभर जगते. ती बंद काचघरात सोडली तर जाणार कुठे? आमच्या चार एकराला ना काच, ना भिंत. मुंग्या आहेत, वारा आहे, शेजारचा फवारा आहे. आणि गुलाबी बोंडअळीचा पतंग तर शेजारच्या, त्याच्या शेजारच्या, नाल्यापलीकडच्या वावरातून येणार. अळी अंड्यातून निघाली की लगेच बोंडात शिरते. मग तिला ना माशी गाठते ना औषध.

सप्टेंबरमध्ये काकाजींनी विचारलं, "डोमकळ्या दिसून राहिल्या. मारू काय?" पाकळ्या चिकटून गुलाबासारखं मिटून राहिलेलं फूल म्हणजे डोमकळी, आत अळी आहे हे ते फूल ओरडून सांगत असतं. मी म्हणालो, "थांबा काकाजी. निसर्गाला वेळ द्या." मी डोमकळ्या मोजल्या नाहीत. शंभर फुलांत दहा आहेत की तीस, हे पाहिलं नाही. पदवी कीटकशास्त्राची, आणि सल्ला एखाद्या कीर्तनकाराचा.

बावीस-तेवीस क्विंटलची आशा होती, तेरा निघाला. त्यातलाही बराच कवडी. काकाजी एक शब्द बोलले नाहीत. वेचणीच्या शेवटच्या दिवशी काकूने माझ्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, "शिकाले आमचंच वावर सापडलं का रे तुले?"

मित्रकीटक काम करत नाहीत असा याचा अर्थ कुणी काढू नये. 2002 मध्ये सांगलीकडच्या उसावर लोकरी मावा आला तेव्हा त्याला खाणारी डिफाची अळी आपल्याच शिवारात होती. लोकांनी ती पानासकट एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन सोडली. पपईवरच्या पिठ्या ढेकणासाठी 2010 मध्ये पोर्टो रिकोहून परोपजीवी माश्या आणल्या, त्यांनी दक्षिणेत त्याला आवरलं. बाहेरून आणलेलं चालतं, घरचंही चालतं. फक्त आणणाऱ्याला ते कुठे सोडतोय हे ठाऊक असावं लागतं.

ऑक्टोबर 2018 मध्ये, म्हणजे आमचं नुकसान डोळ्यांसमोर दिसत असताना, अमेरिकेच्या कृषी खात्याने जाहीर केलं की त्यांच्या कापूसपट्ट्यातून गुलाबी बोंडअळी निर्मूल झाली. मी ती बातमी चिडूनच वाचली. या अळीचं पहिलं शास्त्रीय वर्णन 1843 मध्ये भारतातल्याच नमुन्यांवरून झालेलं. ती टेक्सासमध्ये 1917 ला सापडली, आणि शंभर वर्षांनी त्यांनी तिला बाहेर काढलं. कशाने? बीटी बियाणं होतं, विमानातून सोडलेले नापीक पतंग होते, कामगंध होते. त्यांपैकी नापीक पतंगांचं तंत्र वाचताना मला पुन्हा ती काचघरातली भुरळ पडू लागली होती. पण त्याच यादीत एक साधी ओळ होती: वेचणी संपली की ठरलेल्या तारखेच्या आत पऱ्हाटी उपटून जमिनीत गाडायची. सगळ्यांनी. कार्यक्रमाच्या खर्चात शेतकऱ्यांचीही वर्गणी.

ती ओळ वाचून मला फरदड आठवली. वेचणी संपल्यावरही पाणी देऊन पऱ्हाटी फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी ठेवायची, शेवटचे दोन-तीन क्विंटल काढायचे. त्या उभ्या पऱ्हाटीत अळीची घरभर सोय होते आणि पुढच्या जूनपर्यंत ती टिकते. म्हणजे माझ्या प्रश्नाचं एकक काकाजींचं वावर नव्हतंच. पूर्ण शिवार होतं. एकट्या शेतकऱ्याने पर्यावरणस्नेही होणं म्हणजे एकट्याने गावाची दारूबंदी करणं.

त्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा काकाजींशेजारी बसून त्यांचा हिशेब ऐकला. जूनमध्ये बियाणं, खत कृषी केंद्रातून उधार. ज्याची उधारी त्याच्याच दुकानातून औषध. किडीचं नाव सांगितलं की बाटली मिळते, सोबत एक टॉनिक मिळतं, दोन्ही एकाच पंपात घोळायला सांगतात. कीड किती आहे, असं काउंटरवर कुणी विचारत नाही. मी विचारलं, "पण काकाजी, किडी नसताना कशाला मारता?" ते म्हणाले, "फवारलं त मले झोप लागते. ते औषध पिकाले नाही बाप्पा, मले लागते."

माझ्या दीड पानातले चार 'अज्ञान' त्या एका वाक्याने खोडले गेले. काकाजींना मावा कुठून शिरतो, तुडतुड्याने पान कसं लाल होतं, कोणता पाऊस अळी आणतो, हे माझ्याहून जास्त माहीत आहे. त्यांना किडीची भीती आहे आणि त्या भीतीच्या मागे उधारी उभी आहे. भीतीला ज्ञानाने उत्तर देता येत नाही. आकड्याने थोडंफार देता येतं.

म्हणून 2019 पासून आम्ही अकरा जणांनी एकच काम धरलं: मोजायचं. एकरी दोन कामगंध सापळे. सकाळी पतंग मोजून भिंतीवर कोळशाने लिहायचे. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले तर पंप उचलायचा, नाहीतर नाही. आठवड्यातून एकदा एका वावरात जमून फुलं उघडून बघायची, बोंडं फोडायची. शेतीशाळा म्हणतात याला आणि कृषी खातं कित्येक वर्षं ती घेतंय. आमच्याकडे ती सरकारी फलकाखाली भरते म्हणून मी तिला कधी मोजलंच नव्हतं. तिचं मूळ इंडोनेशियात आहे. तिथे भातावर औषध मारून मारून कोळी मेले आणि तपकिरी तुडतुडे माजले. सरकारने 1986 मध्ये भातावरच्या 57 औषधांवर बंदी घातली, आणि 1989 पासून शेतकऱ्यांना बांधावर बसवून किडी मोजायला शिकवलं. हे सारं मी वाखेनिंगेनच्या ग्रंथालयात वाचलेलं. हालंडात जाऊन आशियातली गोष्ट वाचायची आणि ती विसरून मिरचीच्या पुड्या लक्षात ठेवायच्या, असा माझा प्रवास.

आणखी काही मतं बदलली, तीही सांगून टाकतो. निंबोळी अर्काचा मी फार आग्रह धरत असे. पाच किलो निंबोळीची पूड, शंभर लिटर पाणी. ऐकायला स्वस्त. पण निंबोळ्या पडतात जून-जुलैत, पेरणीच्या धांदलीत. त्या वेचणार कोण, सुकवणार कोण, कुटणार कोण? काकूने हा प्रश्न विचारला तेव्हा माझ्या लक्षात आलं की 'घरच्या घरी' या शब्दात घरच्या बाईची मजुरी शून्य धरलेली असते. आता सुरुवातीच्या रसशोषक किडींपुरता, जमेल त्याने करावा, एवढंच म्हणतो. 'विषमुक्त' हा शब्द मी वापरत नाही. पहिल्या मोजणीच्या वर्षी काकाजींच्या वावरात सहा-सातऐवजी दोन रासायनिक फवारण्या झाल्या. त्यातली दुसरी मी सांगितली. तीन सकाळी भिंतीवर नऊ, अकरा, दहा असे आकडे होते. ते पाहून मीच म्हणालो, "मारा." काकाजी माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी बाटलीचा नवस बोललो होतो.

फरदडीचं मात्र अजून सुटलेलं नाही. डिसेंबरात पऱ्हाटी उपटायची असं अकराही जण म्हणाले. जानेवारीत चौघांची उभी होती, आणि त्यांत काकाजी होते. मी रागाने गेलो. ते म्हणाले, "आधीचा सारा कापूस उधारीत गेला. हा शेवटचा दोन क्विंटल, हा तेवढा माहा." त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही पूर्ण नाही. शेवटच्या दोन क्विंटलची भरपाई गावाने करायची की सरकारने, की वेळेवर उपटणाऱ्याला दोन पैसे जास्त देणारं कापसाचं गिऱ्हाईक उभं करायचं, यावर आमची भांडणं चालू आहेत. हे प्रश्न कीटकशास्त्राचे नाहीत, असं मी पूर्वी म्हणालो असतो.

अधूनमधून तिकडे शिकायला निघालेल्या मुलांचे फोन येतात. जावं की नाही, असं विचारतात. मी म्हणतो, जरूर जा. काचघरात पुड्या दिसतील, त्यांचे फोटो काढू नका, माझ्याकडे तीस आहेत, ते पाठवतो. भिंग घेतलेली बाई दिसली तर तिच्यामागे दिवसभर फिरा आणि तिची वही मागून बघा.

मागच्या हंगामात एका सकाळी काकाजींचा फोन आला. "आज सहा." एवढंच बोलून त्यांनी ठेवला. दुसऱ्या दिवशी, "सात." तिसऱ्या दिवशी फोन नाही. मी दुपारी न राहवून वावरात गेलो. पंप गोठ्यात खुंटीला, कोरडा. काकाजी बाजेवर घोरत पडले होते. भिंतीवर कोळशाने लिहिलेलं होतं: चार.